सिझरच्या टेबलावरची हुडहुडी

ऐरोलीहून आलेलं हे पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

“डॉक्टर, नमस्कार. माझं वय 31. तीन वर्षांपूर्वी माझं पहिलं सिझर झालं. 14 तास कळा देऊन झाल्यावर बाळाचे ठोके कमी होताहेत म्हणाले आणि घाईघाईने आत नेलं. पाठीत सुई दिली, पाय जड झाले, आणि थोड्याच वेळात माझे दात वाजायला लागले. खांदे, हात, जबडा सगळं लटलट कापत होतं. पाय मात्र एकदम शांत! गंमत म्हणजे मला फारशी थंडीही वाटत नव्हती. मी विचारलं, काय होतंय मला? सिस्टर म्हणाल्या, ‘काही नाही, घाबरू नका, अंग सैल सोडा.’ मला ते सैल सोडताच येईना. बाळ दाखवायला आणलं तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की ‘आत्ता नको’ म्हणून लगेच परत नेलं. मला वाटलं, मी आता काही जगत नाही.

घरी सासूबाई म्हणतात पाठीच्या सुईतून वात शिरला, म्हणून आजही माझे हात गार पडतात. नवरा म्हणतो, तू घाबरलीस, बाकी काही नाही. आता मला सातवा महिना आहे आणि जुलैमध्ये ठरवून सिझर करायचं आहे. परत तसंच होईल का? त्याने बाळाला काही होतं का? त्यापेक्षा पूर्ण बेशुद्ध करा असं सांगू का? आधी औषध मागितलं तर डॉक्टर रागावतील का? आणि या वेळी मला बाळ हातात घेता येईल का? एवढंच हवंय मला.”

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गेली बावीस वर्षं मी ठाण्यात भूल देण्याचं काम करते आणि ‘मला वाटलं मी जगत नाही’ हे वाक्य मी टेबलाच्या उशाला उभी राहून किती जणींच्या तोंडून ऐकलंय, त्याचा हिशेब नाही. म्हणून सगळ्यात आधी नवऱ्याच्या म्हणण्याचं उत्तर देते. तुम्ही भित्र्या नाही. भीतीने कापरं वाढू शकतं, हे खरं. पण तुम्हाला भरलेल्या हुडहुडीचं मूळ भीतीत नव्हतं. मणक्यातल्या भुलेवर सिझर होणाऱ्या बायकांपैकी जवळपास निम्म्या जणींना हे होतं. धीट बायकांना होतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांना होतं, स्वतः डॉक्टर असलेल्या बायकांनाही होतं. नॉर्मल बाळंतपणानंतरसुद्धा अनेकींना अशीच हुडहुडी भरते. आपल्या आज्या-पणज्यांना ती ठाऊक होती, म्हणून तर बाळंतीण झाली की आधी गोधडी आणि मग बाकी सगळं.

तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटल्या, कारण त्या तुम्ही अगदी नेमक्या टिपल्या आहेत. एक, पाय शांत होते आणि वरचं अंग कापत होतं. दोन, कापत होतात पण थंडी वाटत नव्हती. ही दोन्ही कोडी एकाच कारणाने सुटतात.

आपलं शरीर म्हणजे जुन्या वाड्यासारखं समजा. छाती, पोट, डोकं हे माजघर. तिथे कायम 37 अंशांच्या आसपास ऊब राखलेली असते. हात-पाय आणि कातडी ही ओसरी. बाहेर गारवा असेल तर ओसरी थंड पडली तरी चालते, पण माजघराची ऊब जाता कामा नये. त्यासाठी शरीर मधली दारं लोटून घेतं, म्हणजे हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून धरतं. ही दारं लोटायचं काम ज्या नसा करतात, त्या मणक्यातूनच निघतात. पाठीत भुलेची सुई दिली की दुखणं पोचवणाऱ्या नसा जशा झोपतात, तशा या दारवाल्या नसाही झोपतात. कमरेखालची सगळी दारं सताड उघडी पडतात. माजघरातलं गरम रक्त भळाभळा पायांकडे धावतं, पाय उबदार होतात आणि आतली ऊब घटत जाते. पहिल्या तासाभरात आतलं तापमान साधारण अर्धा ते एक अंशाने उतरतं. आकडा छोटा वाटेल, पण मेंदूला तेवढं पुरतं. तो हुकूम सोडतो, स्नायूंनो, हला, ऊब तयार करा. हुडहुडी म्हणजे तोच हुकूम.

आता हा हुकूम पाळायला आहे कोण? कमरेखालचे स्नायू तर भुलेने गाढ झोपलेले. म्हणजे सगळा भार खांदे, हात, मान आणि जबड्यावर. म्हणून तुमचे दात वाजत होते आणि पाय ढिम्म होते. आणि पायांची कातडी उबदार झाल्यामुळे ‘थंडी वाजतेय’ ही जाणीव मेंदूकडे नीट पोचतच नाही. थंडी न वाटता कापणं ही जी विचित्र गोष्ट तुम्हाला वेड लागल्यासारखी वाटली असेल, ती या भुलेची अगदी नेहमीची खूण आहे. ‘अंग सैल सोडा’ म्हणून ते सैल सुटणार नव्हतं, कारण ते तुमच्या हातात नव्हतंच. शिंक जशी आवरता येत नाही, तसंच हे.

त्यात ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला गारवा. आपल्याकडे जुलैमध्ये बाहेर चिकचिक असते, ठाणे स्टेशनच्या पुलावर माणूस घामाने आणि पावसाने एकदमच भिजतो, आणि आत मात्र एसी जोरात. डॉक्टर-सिस्टर दुहेरी गाऊन, मास्क, टोपी घालून झगझगीत दिव्याखाली उभे असतात, त्यांना तो गारवा बरा वाटतो. टेबलावरच्या बाईच्या अंगावर मात्र एक पातळ गाऊन, तोही वर सारलेला. पोटावर जंतुनाशक औषध फासतात, ते वाळताना आणखी ऊब घेऊन जातं. आणि सलाईन. भूल दिल्यावर बीपी उतरू नये म्हणून ते भराभर सोडावं लागतं. खोलीच्या तापमानाची एक लिटर सलाईन अंगात गेली तर सगळ्या शरीराचं तापमान सुमारे पाव अंशाने खाली येतं, आणि सिझरच्या वेळी लिटर-दीड लिटर सहज जातं. तुमच्या बाबतीत तर 14 तासांच्या कळा आधी झालेल्या. थकलेलं, घामेजलेलं, उपाशी शरीर, आणि अंगाला ऊब द्यायला कुणाकडे पाच मिनिटंही नाहीत, कारण बाळाचे ठोके उतरताहेत. त्या घाईत जे केलं गेलं ते बाळासाठी योग्यच होतं. फक्त तुम्हाला कुणी दोन वाक्यं सांगायला हवी होती.

इथे मला माझीही एक चूक सांगितली पाहिजे. शिकाऊ असताना रात्रपाळीत एका बाईचं सिझर चालू होतं. ती अशीच कापत होती. तिच्या दंडावरचा बीपीचा पट्टा फुगायचा, अर्ध्यावर अडखळायचा, सुटायचा आणि परत फुगायचा. आकडा येतच नव्हता, कारण हात थरथरला की यंत्राला नाडी सापडत नाही. बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजनची रेघ वेडीवाकडी नाचत होती. माझं सगळं लक्ष त्या यंत्राकडे. ती दातांच्या कटकटीतून काहीतरी विचारत होती आणि मी वर न बघता म्हणत होते, “काही नाही, होतं असं.” तिने माझ्या गाऊनची बाही मुठीत धरून ठेवली होती. ऑपरेशन संपल्यावर मी बाही सोडवून घेतली, तेव्हा तिच्या बोटांच्या जागी कापड चुरगळून ओलं झालेलं होतं. ‘होतं असं’ या दोन शब्दांनी तिला काय मिळालं असेल? तेव्हापासून मी सुई देण्याआधीच सांगते, “आता थोड्या वेळाने कदाचित हात आणि जबडा थरथरेल. भुलेने अंगातली ऊब पायाकडे जाते, म्हणून होतं. मी इथेच आहे, थांबवायचं औषध माझ्याजवळ आहे.” एवढं बोलायला अर्धं मिनिटही लागत नाही.

बाळाबद्दल विचारलंय. दिवस भरलेले असतील आणि आईची तब्येत चांगली असेल तर या हुडहुडीने बाळाला इजा होत नाही. ठरवलेल्या सिझरमध्ये बाळ काही मिनिटांत बाहेर येतं, आणि कापरं बऱ्याचदा त्यानंतरच जोर धरतं. मात्र आईचं अंग बरंच गार पडलं तर बाळही थोडं गारच जन्माला येतं, आणि नवजात बाळाला गारवा सोसत नाही. बाळ जन्मतं ती खोली निदान 25 अंशांवर असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते याचसाठी. म्हणजे तुम्हाला उबदार ठेवणं हे फक्त तुमच्या सुखासाठी नाही, ते बाळाचंही काम आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. एसी कमी करा म्हणताना संकोच वाटला तर उपयोगी पडेल.

आईला यातून काय त्रास होतो? एक तर दमणूक. कापताना शरीर ऑक्सिजन खूप जास्त वापरतं, कधी दुपटीहूनही जास्त. धडधाकट बाई ते सहज पेलते. पण हृदयाचा आजार असेल, अंगात रक्त फार कमी असेल, बीपी खूप वाढलेलं असेल, तर आम्ही हुडहुडी सुरू झाल्या झाल्या थांबवायला बघतो. तुमचं हिमोग्लोबिन किती आहे ते पत्रात नाही. सातव्या महिन्यात तपासलं नसेल तर तपासून घ्या आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका.

पूर्ण बेशुद्ध करा असं सांगू का, हा तुमचा प्रश्न मला समजतो. तो अनुभव पुन्हा नको म्हणून डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. पण नका सांगू. गरोदरपणात पूर्ण भुलेत श्वासनलिकेत नळी घालणं जास्त अवघड असतं, पोटातलं अन्नपाणी उलटून छातीत जाण्याचा धोका असतो, भुलेचं औषध थोडं बाळापर्यंत पोचतं, आणि बाळाचं पहिलं रडणं तुम्हाला ऐकू येत नाही. काही वेळा पूर्ण भूल द्यावीच लागते, आणि तेव्हा ती देणं योग्यच असतं. पण हुडहुडी चुकवायला तिचा उपयोग नाही, कारण पूर्ण भुलेतून जागं होतानाही अनेकांना अशीच हुडहुडी भरते. आगीतून फुफाट्यात जाण्यासारखंच ते.

परत होईल का? होऊ शकतं. होणारच नाही असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. पण या वेळी तुमच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत. ठरवून केलेलं ऑपरेशन आहे, आधी कळांची दमणूक नाही, घाई नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्हाला आता माहीत आहे. तयारीला वेळ आहे.

त्या तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम सुईच्या आधीचं. पुन्हा वाड्याकडे या. ओसरी आधीच उबदार असेल तर दारं उघडली तरी माजघरातली ऊब तिकडे धावणार नाही. म्हणून भूल द्यायच्या आधी निदान पंधरा-वीस मिनिटं अंगाला, विशेषतः पायांना, ऊब मिळाली पाहिजे. मोठ्या रुग्णालयांत गरम हवा सोडणारं पांघरूण असतं, कागदासारख्या पातळ गादीत पाइपने उबदार हवा भरतात. ते मिळालं तर उत्तम. ते नसेल तर दोन जाड ब्लँकेट, पायात मोजे, डोक्याला टोपी किंवा स्कार्फ. ओटीबाहेरच्या बाकड्यावर पातळ गाऊनमध्ये अर्धा तास बसवून ठेवलं तर उठून शाल मागा. पावसात भिजून पोचलात तर केस आधी कोरडे करा, ओल्या केसांनी आत जाऊ नका. पांघरूण भूल दिल्यावरही छाती-खांद्यांवर राहू दे. एक हात बीपीच्या पट्ट्यासाठी आणि एक सलाईनसाठी बाहेर असतो, त्या हातांवरही काही घाला म्हणावं. सलाईन कोमट करून द्या म्हणावं. त्यासाठी गरम कपाट असतं किंवा नळीला लावायचं छोटं यंत्र असतं. आणि पोटावर हिरव्या चादरी घालेपर्यंत एसी थोडा कमी ठेवा म्हणावं. यातलं काहीही अवाजवी नाही. कुठल्याही चांगल्या ओटीत जाणत्या माणसांना हे माहीत असतं; फक्त रोजच्या धावपळीत राहून जातं.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही, आणि ही मी तुमच्या आईला, सासूबाईंना, नवऱ्याला, सगळ्यांना सांगते आहे. ऑपरेशननंतर पाय बधिर असतात तोवर गरम पाण्याची पिशवी पायांजवळ ठेवायची नाही. कापडात गुंडाळूनही नाही. एका नर्सिंग होममध्ये मी हे पाहिलंय. लेक कापतेय हे आईला बघवेना. तिने घरून आणलेली रबरी पिशवी मायेने लेकीच्या पोटऱ्यांखाली सरकवली. लेकीला काही कळलंच नाही, कळणार कसं? तीन तासांनी भूल उतरली तेव्हा दोन्ही पोटऱ्यांना पाण्याने भरलेले फोड होते. टाक्यांचं दुखणं चार दिवसांत कमी झालं, त्या भाजल्याचं महिनाभर चाललं. ऊब हवी ती पांघरुणाची, चटक्याची नाही. सलाईनची बाटली घरगुती मायक्रोवेव्हमध्ये गरम करणं हाही तसाच धोक्याचा प्रकार. कुठे गरम आणि कुठे गार राहिलं ते बाहेरून कळत नाही.

आता औषधाबद्दल. औषधं आहेत, चांगली आहेत आणि ती मागितल्याने कुणी रागावण्याचं कारण नाही. पेथिडिन हे या कामाला फार जुनं आणि गुणाचं औषध. पण ते अमली औषधांच्या कायद्याखाली येतं, ते ठेवायला परवाना लागतो, म्हणून छोट्या नर्सिंग होममध्ये बऱ्याचदा नसतं. तिथे ट्रामाडॉल वापरतात, त्यानेही काही मिनिटांत कापरं ओसरतं. त्याने मळमळ होऊ शकते, थोडी गुंगी येऊ शकते. ओंडान्सेट्रॉन हे तसं उलटी थांबवायचं औषध, पण आधी दिलं तर काही जणींची हुडहुडी टळते, म्हणून दुहेरी कामाचं. डेक्समेडेटोमिडीनही आता वापरात आहे. अगदी थोड्या मात्रेत कापरं छान थांबतं, पण डोळ्यांवर झापड येते आणि नाडी मंदावू शकते. शिवाय मणक्यातल्या सुईत भुलेच्या औषधाबरोबर किंचित फेंटानिल मिसळलं तर हुडहुडीचं प्रमाण कमी होतं, मात्र अंगाला खाज सुटू शकते. यातलं कुठलं आणि किती ते तुमचे भूलतज्ज्ञ ठरवतील. गुंगी आणणारी औषधं सहसा बाळ बाहेर येऊन नाळ कापल्यावरच देतात, म्हणून पहिली काही मिनिटं थांबायला सांगितलं तर त्यामागे बाळाचा विचार आहे, दुर्लक्ष नाही. ओटीतल्या अशा एखाद्या डोसमुळे बाळाला पाजणं थांबवायची वेळ सहसा येत नाही, तरी कुठलं औषध दिलं ते विचारून घ्या.

दोन गोष्टी मात्र भूलतज्ज्ञांनी विचारल्या नाहीत तरी सांगा. कधी फिट आली असेल तर ती. आणि नैराश्य किंवा चिंतेसाठी गोळ्या चालू असतील तर त्या. पहिल्या बाळंतपणानंतर अनेकींना अशा गोळ्या सुरू होतात आणि सासरी कुणाला सांगितलेलं नसतं. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर एकटीने बोलायची वेळ मागा. ट्रामाडॉल आणि त्यातल्या काही गोळ्या यांचं एकमेकांशी जमत नाही.

अजून एक. मागच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. त्यावर मिसोप्रोस्टॉल असं लिहिलंय का पाहा. बाळ झाल्यावर रक्तस्राव आवरायला या गोळ्या जिभेखाली किंवा गुदद्वारात ठेवतात. त्या जीव वाचवतात, पण थंडी वाजून येणं आणि ताप हा त्यांचा अगदी ठरलेला परिणाम आहे. तुमची हुडहुडी बाळ होण्याआधीच सुरू झाली होती, तेव्हा सुरुवात भुलेमुळेच झाली. पण नंतर ती लांबली असेल तर या गोळ्यांचाही हात असू शकतो. कार्ड फाइलला लावून ठेवा, भूलतज्ज्ञांना त्याचा उपयोग होईल.

आता खरी अडचण. आपल्या ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच छोट्या प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ तिथे कायम नसतात. सकाळी नौपाड्यात, दुपारी घोडबंदर रोडला, संध्याकाळी कोपरखैरण्यात, अशी आमची धाव असते. मीही त्यातलीच. त्यामुळे बाई टेबलावर बसली की मगच तिची आमची पहिली भेट होते, पाठ वाकवा, हलू नका, एवढंच बोलणं. हे बरं नाही, आणि ते बदलायला तुम्हीही थोडं करू शकता. आठव्या महिन्यातल्या तपासणीच्या वेळी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना म्हणा, “मला ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांशी बोलायचंय. भेट नाही झाली तर फोनवर.” आणि बोलणं झालं की पहिलंच वाक्य हे: “मागच्या वेळी सुईनंतर मला खूप हुडहुडी भरली होती, बीपीसुद्धा नीट मोजता येत नव्हता. या वेळी काय करता येईल?” बीपीचं तुम्हाला आठवत नसेल तर ते सोडून द्या, उरलेलं पुरेसं आहे. असं विचारणारी बाई मला कधीच आगाऊ वाटलेली नाही. उलट तिने माझं काम सोपं केलेलं असतं. सलाईन कोमट करायला ठेवा म्हणून मी येताना रिक्षातूनच फोन करते.

आणि तरीही कापरं सुरू झालंच तर? लगेच सांगा, सोसत बसू नका. दातांवर दात आवळून धरू नका, त्याने जबडा दुखतो आणि जीभ चावली जाऊ शकते. ओठ किंचित उघडे ठेवा, खालचा जबडा लोंबू द्या आणि श्वास सावकाश सोडत राहा. याने हुडहुडी थांबणार नाही, पण तिच्याशी झगडताना येणारा थकवा येत नाही. औषध नाही दिलं तरी भूल उतरता उतरता बहुतेकींची ती आपोआप ओसरते.

सासूबाईंच्या वाताबद्दल थोडं जपून लिहिते, कारण त्यांच्या म्हणण्यात माया आहे. पाठीतल्या सुईतून वारा किंवा वात आत शिरत नाही. सुई अगदी बारीक असते आणि भूल काही तासांत पूर्ण उतरते. तीन वर्षांनी हात गार पडतात त्याचा त्या दिवसाशी संबंध नाही. त्यासाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा. पण बाळंतिणीला ऊब हवी हे त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्यांना सांगा, ती ऊब घरी येईपर्यंत थांबवू नका, ओटीच्या दारातच द्या. एक शाल आणि मोजे त्यांच्या हातात सोपवा, ते काम त्यांचं. घरी मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू देऊ नका. त्यातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो बाळालाही सोडत नाही.

टेबलावरची हुडहुडी आणि घरी गेल्यानंतरची हुडहुडी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवऱ्यालाही वाचून दाखवा. घरी गेल्यावर थंडी वाजून ताप आला, 38 अंश म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टाक्यांची जागा लाल होऊन दुखतेय, अंगावरून जाण्याला घाण वास येतोय, स्तनात गाठ होऊन ती जागा तापलीय, लघवीला जळजळ होतेय, यातलं काही असेल तर मुळीच थांबू नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या भागात मलेरिया-डेंग्यूही जोरात असतो, तेव्हा ‘बाळंतपणाचाच ताप असेल’ म्हणून पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. दम लागत असेल किंवा रक्तस्राव खूप होत असेल तर फोनही नको, सरळ रुग्णालय.

तुमचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. बाळ हातात घेता येईल का? हो, हात थरथरत असले तरी घेता येतं. बाळ हातांनी पेलायची गरजच नाही. त्याला कोरडं करून, टोपी घालून, उघडं तुमच्या उघड्या छातीवर आडवं ठेवतात आणि दोघांच्या वरून एकच गरम पांघरूण घालतात. एक सिस्टर तिचा हात बाळाच्या पाठीवर ठेवून उभी राहते, पूर्ण वेळ. तुम्ही फक्त गाल टेकवायचा. तुमची त्वचा बाळाला ऊब देते आणि बाळाची तुम्हाला. बाळाला श्वासाचा काही त्रास असेल तर आधी त्याला बघावं लागेल, तेवढा वेळ द्या. आणि सुई द्यायच्या आधी, टेबलावर चढतानाच, तिथल्या सिस्टरला नाव विचारा आणि सांगून ठेवा, “माझे हात कापले तर बाळ परत नेऊ नका, तुम्ही धरून ठेवा.”